चोवीस तासांचे अठ्ठेचाळीस रकाने

पहिला फॉर्म मी माझ्या आईचा भरला. बायकांचा वेळ कुठे जातो याच्या पाहणीसाठी आमचं प्रशिक्षण चाललं होतं आणि तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी तसं सांगितलंच होतं. घरातल्या एका बाईचा कालचा दिवस लिहून आणायचा, पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाने. म्हणजे अठ्ठेचाळीस रकाने. प्रत्येक रकान्यात काय केलं, कुठे केलं, कुणासाठी केलं, त्याचे पैसे मिळाले का, आणि त्याच वेळी दुसरं काही चालू होतं का.

वीस मिनिटांचं काम असेल असं वाटलं होतं, सव्वा तास लागला. आईने आधी एका दमात सांगून टाकलं, "उठले, सगळं आवरलं, स्वयंपाक केला, दुपारी जरा पडले, संध्याकाळी परत तेच." मग मी एकेक अर्धा तास धरून तिच्या मागे लागले. ‘सगळं आवरलं’ या दोन शब्दांतून साडेतीन तास निघाले. ‘जरा पडले’ त्या वेळात तिने चटणीसाठी शेंगा फोडल्या होत्या. पाठ टेकली होती ती वीस मिनिटं. जन्मल्यापासून मी तिच्याजवळ राहतेय, तिच्या हातची भाकरी रोज खातेय. आणि तो कागद भरून झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की पहाटे साडेपाच ते दुपारी दीड या वेळात ती एकदाही बसलेली नव्हती.

हे काम मला मिळालं ते तेलुगूमुळे. आमचं घर साखर पेठेजवळ. शाळेत माझ्या बाकावरच्या मैत्रिणी पद्मशाली समाजातल्या, त्यामुळे तेलुगू वाचता येत नसलं तरी बोललेलं समजतं आणि बऱ्यापैकी बोलताही येतं. एका संशोधन संस्थेला सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरी बसून काम करणाऱ्या बायकांचा वेळ कुठे जातो याचा अभ्यास करायचा होता. विड्या वळणाऱ्या, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, शिलाई कारखान्यातून आणलेल्या कपड्यांना काजं-बटणं करणाऱ्या बायका. त्यासाठी मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड येणारी मुलं-मुली हवी होती. माझं समाजशास्त्रात एम. ए. झालेलं आणि स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्नही होऊन गेलेले. दादा इंजिनियर आहे. तो म्हणाला, "समाजशास्त्र शिकून कुठला पूल बांधणार तू? लोक कसे जगतात हे लोकांना माहीत असतंच की, त्याला पैसे खर्चून अभ्यास कशाला?" मी तेव्हा गप्प बसले. पाच महिने गल्ल्या फिरून आल्यावर आता गप्प बसवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

प्रशिक्षण सहा दिवसांचं होतं. त्यातले दोन दिवस फक्त प्रश्न कसा विचारायचा नाही, यात गेले. ‘तुम्ही दुपारी विश्रांती घेता ना?’ असं विचारलं की समोरचं माणूस ‘हो’ म्हणतं. आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतं. ‘दुपारी दोन वाजता काय करत होतात?’ एवढंच विचारायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. समोरची बाई आठवत असते, आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपण तिच्या तोंडात उत्तर घालतो. मॅडम मागे उभ्या राहून आमच्या जोड्यांचं ऐकायच्या आणि कुणी उत्तर सुचवलं की पेन्सिलीने टेबलावर एकदा टकटक करायच्या. पहिल्या दिवशी ती टकटक थांबतच नव्हती.

एक दिवस नमुना निवडण्यावर होता. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. एवढ्यांच्या घरी कोण जाणार? शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण मॅडम म्हणाल्या, आधी डाव फिरवावा लागतो. वरचंच शीत उचललं तर वरचा भात कळतो, खाली लागलेला कळत नाही. डाव फिरवणं म्हणजे कुठलं घर निवडायचं हे आपल्या मर्जीवर न ठेवणं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली, बंगालमध्ये तागाच्या पिकाचा अंदाज बांधता बांधता ही पद्धत बसवत नेली आणि १९५० मध्ये त्यातूनच राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की गल्लीचा नकाशा काढायचा, प्रत्येक दाराला खडूने नंबर टाकायचा, यादी करायची आणि ठरलेल्या आकड्यापासून सुरू करून दर अकरावं घर घ्यायचं. त्या घराला कुलूप असलं तर परत यायचं. शेजारचं घर चालणार नाही.

या नियमाचा मला पहिल्या आठवड्यात फार राग आला. माझ्या यादीतलं एक घर तीनदा बंद मिळालं. शेजारच्या मावशी दारातच बसलेल्या, बोलायला तयार, चहा टाकते म्हणत होत्या. चौथ्यांदा मी रात्री साडेआठला गेले तेव्हा दार उघडं होतं. पस्तिशीची एक बाई नुकतीच आली होती, अजून चप्पलही पायात होती. ती दिवसभर शिलाई कारखान्यात आणि रात्री घरी काजं-बटणं करणारी. तिची धाकटी मुलगी पायरीवर बसून तिची वाट बघत असायची, ती मला तिन्ही वेळा दिसली होती आणि मी तिला शेजारची समजले होते. त्या बाईचा फॉर्म भरायला दोन रात्री लागल्या, कारण पहिल्या रात्री ती बोलता बोलता भिंतीला टेकून झोपली. मी दार ओढून घेऊन निघून आले. नियम पाळला नसता तर आमच्या कागदावर फक्त दिवसा घरी सापडणाऱ्या बायका आल्या असत्या, आणि सगळ्यात दमलेली बाई सोलापुरात राहतच नाही असं झालं असतं.

आता अक्कांकडे येते. नाव लिहिणार नाही. लिहायचं नाही असं त्यांच्यासमोर संमतीपत्र वाचून कबूल केलंय. अशोक चौकाच्या पलीकडे एका चाळवजा घरात त्या राहतात. मी गेले तेव्हा मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. डोळे माझ्याकडे आणि हात सुपात. पान उचललं, तंबाखू पसरली, वळलं, तोंड दुमडलं, सूत गुंडाळलं. मी ‘नमस्कार’ म्हणून बसेपर्यंत दोन विड्या झाल्या होत्या. घराबाहेर यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागत होतं. अक्कांना त्याची सवय होती, त्या ओठांच्या हालचालीवरूनच अर्धं समजून घेत होत्या.

"हे लिवून नेऊन आम्हाला काय मिळणार ओ?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

प्रशिक्षणात यावरही एक तास झाला होता. खोटं आश्वासन द्यायचं नाही. घरकुल मिळेल, पेन्शन मिळेल असं सुचवायचंसुद्धा नाही. मी म्हणाले, "तुम्हाला लगेच काही मिळणार नाही, अक्का. तुमच्यासारख्या बायकांचा दिवस कसा जातो हे कुठेच नीट लिहिलेलं नाही, ते लिहायचंय. नको असेल तर मी जाते, कुणी काही म्हणणार नाही." त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग सून उभी होती तिला म्हणाल्या, "हिला पाटावर बसव."

नवरा आतून बाहेर आला आणि म्हणाला, "तिला काय विचारता, मी सांगतो की." हे जवळजवळ प्रत्येक घरी झालं. भांडायचं नाही, असं शिकवलं होतं. मी त्यांचाही एक छोटा फॉर्म काढला, घरातली माणसं किती, रेशनकार्ड कुठलं असे प्रश्न त्यांना विचारले, त्यांची सही घेतली, आणि पुढचे प्रश्न फक्त बाईंचे आहेत असं म्हणाले. ते कट्ट्यावर जाऊन बसले, पण कान आतच होते.

अक्का हजाराच्या हिशेबाने विड्या वळतात. कारखान्यातून पान, तंबाखू, सूत मिळतं, वळलेल्या विड्या तिथे नेऊन द्यायच्या, तपासणीत काही बाजूला पडतात, त्याला छाट म्हणतात, त्याचे पैसे नाहीत. त्यांच्याकडे कामगार म्हणून कार्ड आहे. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला आणि त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार धरलं गेलं. सोलापूरच्या बायकांनी त्यासाठी रस्त्यावर उतरून काय काय केलंय ते पूर्व भागात कुणालाही विचारा. त्यामुळे ‘काम करता का’ या प्रश्नाला अक्कांनी ताठ उत्तर दिलं. गडबडली ती सून. तिला विचारलं तर म्हणाली, "मी नाही काम करत, घरीच असते."

हे बोलताना ती पंचवीस पंचवीसच्या जुड्या बांधत होती. तिचा दिवस भरायला घेतला तेव्हा पानं भिजवणं, कापणं, तोंडं दुमडणं, जुड्या बांधणं मिळून पाच तासांच्या वर गेलं. कार्ड सासूचं, हजारही सासूच्या नावावर, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ सुनेचा. तिला विचारणारं कुणी आलं असतं आणि फक्त ‘काम करता का’ एवढंच विचारून गेलं असतं, तर सरकारदरबारी ती रिकामी बसलेली बाई.

इथे मला वर्गात ऐकलेली एक गोष्ट पहिल्यांदा अंगाला भिडली. १९९१ च्या जनगणनेत कामाबद्दलच्या प्रश्नाला कंसात काही शब्द जोडले गेले : शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून. एवढंच. बायकांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि स्त्री संघटनांनी वर्षानुवर्षं सांगितल्यावर ते शब्द आले. एम. ए. ला मी ते टीप म्हणून पाठ केलं होतं. त्या पाटावर बसून जुड्या बांधणाऱ्या हातांकडे बघताना कळलं की कंसातल्या त्या शब्दांत किती घरं मावतात.

अक्कांच्या दिवसाचे रकाने रात्री दीडपर्यंत आले आणि त्या म्हणाल्या, "मग पाणी आलं." पूर्व भागात नळाला रोज पाणी नसतं, मध्ये तीन-चार दिवस जातात, आणि त्यांच्या गल्लीत पाळी रात्री येते. चावीवाला कधी सोडेल त्यावर वेळ. त्या दिवशी दीडला सुटलं. अक्का, सून, शेजारची मुलगी अशा तिघी मिळून साडेतीनपर्यंत हौद, दोन बॅरल, घागरी, कळशी, अगदी स्वयंपाकघरातली पातेली भरत होत्या. मग आलंच आहे पाणी तर म्हणून सुनेने धुणं काढलं. चारला फॉर्मचा दिवस संपला, तिचं धुणं संपलं नव्हतं.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता : हा दिवस नेहमीसारखा होता का? मी विचारलं. अक्कांचे हात पहिल्यांदा थांबले.

"पाण्याचा दिवस नेहमीचा म्हणायचा का नाही, तूच सांग की पोरी."

मला सांगता येईना. ‘नेहमीसारखा नाही’ असं लिहिलं तर पुढे हिशेब करताना हा दिवस बाजूला ठेवतील. ‘नेहमीसारखा’ लिहिलं तर त्या रोज रात्री दीडला उठतात असा अर्थ होतो. दोन्ही खोटं. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, काहीच खूण करू नकोस, कडेला सविस्तर लिही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची सगळ्यांची बैठक झाली आणि कळलं की इतर तिघांनाही हाच प्रश्न पडला होता, त्यांनी मनाला येईल ती खूण केली होती. मग फॉर्म बदलला. आदल्या रात्री पाणी आलं होतं का, किती वाजता, त्या आधी कधी आलं होतं, हे पहिल्याच पानावर आलं. प्रत्येक घराची तारीख अशी लावायची ठरली की पाण्याचे आणि बिनपाण्याचे, दोन्ही दिवस हिशेबात आपल्या आपल्या प्रमाणात येतील. चार दिवस नुसते तारखा लावण्यात गेले.

हा प्रश्न दिल्लीत बसून सुचणारा नव्हता आणि त्यात दिल्लीचा काही दोषही नाही. देशभराची पहिली मोठी वेळवापर पाहणी २०१९ मध्ये झाली, १,३८,७९९ घरांत. त्यातून निघालं की स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात आणि तसं काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. हा आकडा मी आईला सांगितला तेव्हा ती फक्त म्हणाली, "मोजलं का कुणीतरी." देशाचा आकडा लागतोच, त्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही. पण रात्री दीडला सुटणारं पाणी त्यात कसं उतरणार? त्यासाठी अशोक चौकापलीकडच्या घरात पाटावर बसणारं कुणीतरी लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक, पण ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. आमच्यात बार्शीकडचा एक मुलगा होता, मनापासून काम करणारा, पण तेलुगू येत नव्हतं. तो शेजारच्या एखाद्या शाळकरी मुलीला सोबत घेऊन बोलायचा. दर दहा फॉर्मांपैकी एक दुसऱ्याने जाऊन तपासायचा अशी पद्धत होती आणि त्याचा एक फॉर्म माझ्याकडे आला. त्यात दुपारी दोन ते सहा, सलग आठ रकान्यांत, लिहिलं होतं : पाणी.

मी त्या घरी गेले. काल दुपारी पाणी भरत होतात का, असं विचारलं तर ती बाई चकित झाली. "पाणी? पाणी येऊन चार दिवस झाले की!" मग माझ्या लक्षात आलं. तेलुगूत ‘पनि’ म्हणजे काम. पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणतात. ती मुलीला सांगत होती, दुपारभर पनि, पनि. मुलीने भाषांतर करायच्या आधीच मुलाने आपल्या कानाला आलेलं लिहून टाकलं. टॉवेलच्या कडा शिवण्याचे चार तास, ज्यांचे तिला नगाप्रमाणे पैसे मिळतात, आमच्या कागदावर पाणी भरण्यात वाहून चालले होते. आणि कुणालाच कळलं नसतं, कारण सोलापुरात बाई चार तास पाण्यात घालवते यावर सगळ्यांचा सहज विश्वास बसला असता.

त्या रात्री आम्ही तेलुगू घरांमधले सगळे फॉर्म काढून बसलो. ज्या ज्या रकान्यात पाणी होतं तिथे परत जाऊन विचारलं. तो मुलगा स्वतः प्रत्येक घरी माझ्यासोबत आला. दोन दिवस पायपीट झाली, पण शेवटी एकही ‘पाणी’ असं राहिलं नाही ज्याच्या खाली ‘पनि’ दडलेलं असेल. आकड्यांवर विश्वास का ठेवायचा असं मला कुणी विचारलं तर मी या दोन दिवसांबद्दल सांगते.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर मला एका आशाताईंमुळे मिळालं. त्यांच्या भागात बायकांसाठी रक्त तपासणीची शिबिरं व्हायची, बायका यायच्या नाहीत. सगळ्यांचं ठरलेलं निदान होतं : जागृती नाही. भिंतीवर घोषणा रंगवून झाल्या, रिक्षातून भोंगा फिरवून झाला. आमचे फॉर्म बघताना मॅडमनी शिबिराची वेळ विचारली. सकाळी दहा ते एक. माझ्या फॉर्मांमध्ये त्या भागातल्या बहुतेक विडीवाल्या बायका दहा ते बारा या वेळात कारखान्यात विड्या द्यायला गेलेल्या किंवा तिथे रांगेत बसलेल्या होत्या. त्या वेळी शिबिराला जायचं म्हणजे त्या दिवसाचं पान-तंबाखू सोडायचं. आशाताईंनी वरिष्ठांशी बोलून पुढचं शिबिर संध्याकाळी पाचला, मार्कंडेय मंदिराच्या जवळ घेतलं. मी गेले होते बघायला. बायका सूप घरी ठेवून, लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या, काहींच्या बोटांना तंबाखू तशीच होती.

माणसं अडाणी म्हणून येत नाहीत, हे आपण फार पटकन ठरवतो. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांनी लसीकरणावर केलेला प्रयोग मॅडमनी आम्हाला समजावून सांगितला होता. जिथे काहीच केलं नाही त्या गावांत सगळे डोस पूर्ण झालेली मुलं ६ टक्के. जिथे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी नक्की भरणारं शिबिर ठेवलं तिथे १८ टक्के. आणि जिथे त्यासोबत प्रत्येक डोसला किलोभर डाळ आणि डोस पूर्ण झाल्यावर ताटं दिली तिथे ३९ टक्के. आईबापांचा लसीला विरोध असता तर डाळीने तो गेला नसता. विरोध नव्हताच, रोजगार बुडवून चालत जायला आजचं काही कारण हवं होतं. हे अंदाजाने कुणीही म्हणू शकतं. मोजल्यावर मात्र त्याच्यावर पैसा कसा खर्च करायचा ते ठरवता येतं.

आणि महाराष्ट्राला तर हे नवीन नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रोजगार हमीवरच्या मजुरांची किमान मजुरी ४ रुपये धरली गेली होती. डॉ. अभय बंग यांनी त्यामागचा हिशेब, म्हणजे मजुराला आणि त्याच्या कुटुंबाला जगायला किती अन्न लागतं हा हिशेब, पुन्हा मांडून पाहिला, त्यातल्या चुका दाखवल्या आणि मजुरी १२ रुपये हवी असं सिद्ध केलं. पुढे मजुरी वाढवावी लागली. मी दादाला हे सांगितलं आणि म्हणाले, तुझ्या पुलावरून किती माणसं जातात ते तू मोजतोस ना, मग या कागदावरून किती माणसांच्या ताटात भाकरी गेली तेही मोज. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने मला शिबिराची ती वेळेची गोष्ट परत एकदा सांगायला लावली.

आपलं सोलापूरही याआधी असं अभ्यासलं गेलंय. पुण्याच्या गोखले संस्थेने, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिथे असताना, सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला, तो १९६५ मध्ये पुस्तक होऊन आला. गिरण्यांच्या काळातलं सोलापूर आज समजून घ्यायचं असेल तर आठवणींच्या जोडीला असं काहीतरी हाताशी असावं लागतं. आमची आई, अक्का, ती रात्री साडेआठला घरी येणारी बाई, यांचं आजचं सोलापूर पन्नास वर्षांनी कुणाला बघायचं असेल तर ते कुठे सापडेल, असं मला सारखं वाटतं.

फेब्रुवारीत शेवटचे फॉर्म झाले. उन्हं तापायला लागल्यावर मॅडमनी समाजाच्या एका हॉलमध्ये बायकांना बोलावलं, ज्यांनी वेळ दिला त्यांनाच आधी सांगायचं म्हणून. अहवाल नंतर. भिंतीवर पडदा लावला, त्यावर रंगीत पट्ट्या : विडी, स्वयंपाक, पाणी, मुलं, झोप. मराठीतून मॅडम, तेलुगूतून मी. सत्तरेक बायका आल्या होत्या. पाण्याच्या दिवसाची पट्टी आणि बिनपाण्याच्या दिवसाची पट्टी शेजारी शेजारी लागल्या तेव्हा मागून हुंकार आला, कुणीतरी ‘बराबर, बराबर’ म्हणालं.

अक्का दुसऱ्या रांगेत होत्या. त्या उठल्या आणि झोपेच्या पट्टीकडे बोट करून तेलुगूत म्हणाल्या, ही एवढी लांब कुणाची झोप आहे? मी सांगितलं की सगळ्यांनी सांगितलेले झोपेचे रकाने मिळवून ती काढलीय. त्या म्हणाल्या, मी साडेदहाला पडले, नातू रडला म्हणून बाराला उठले, परत पडले, दीडला पाणी, चारला परत पडले, साडेपाचला उठले. तुकड्यांची बेरीज करून तुम्ही एक लांब पट्टी काढली. माझी झोप अशी नाही. अशी झोप मी लग्नानंतर घेतलेली नाही.

मी मॅडमना मराठीत सांगितलं. मॅडमनी प्रोजेक्टर तसाच चालू ठेवला, खुर्ची ओढून अक्कांच्या समोर बसल्या आणि वही उघडली. "किती वेळा उठलात ते परत एकदा सांगता का?" असं त्यांनी विचारलं. अक्का बोटांवर मोजायला लागल्या तशा शेजारच्याही मोजायला लागल्या. कुणाचं सासऱ्याच्या खोकल्यासाठी, कुणाचं मोटर बंद करायला, कुणाचं नवऱ्याच्या रात्रपाळीसाठी. पुढचा पाऊण तास पडद्याकडे कुणी बघितलं नाही.

उन्हाळ्यातल्या फेरीचा फॉर्म परवा छापून आला. त्यात एक नवा प्रश्न आहे : रात्री किती वेळा उठलात, आणि प्रत्येक वेळी कशासाठी? चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. अक्कांच्या दाराला मी टाकलेला खडूचा नंबर अजून पुसलेला नाही. त्यांच्या गल्लीची पाण्याची पाळी बुधवारी रात्री आहे, मी गुरुवारी सकाळी जाते आहे.